उपड्या कपाखालचा फासा

एकसष्टावं पान काळं आलं होतं. बाकीची पानं चौथ्या हातची झेरॉक्स जितकी बरी येते तितकी बरी होती; अक्षरं जरा सुजलेली, चित्रांतल्या माणसांच्या तोंडावर डाग, पण वाचता येत होतं. एकसष्टावर मात्र कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी मशीनवर, कुणाचा तरी हात सरकला होता आणि अख्खं पान तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. नेमकं त्याच पानावर मरणाचं प्रकरण होतं. साठाव्या पानाच्या तळाशी छापलं होतं, 'पात्र मरणाच्या दारात पोचलं की', आणि पुढे अंधार.

खेळाचं मूळ पुस्तक ब्राझीलमधल्या आमच्या जुइझ द फोरात कुणाकडेच नव्हतं. ते परदेशातून यायचं, आणि परदेशातून येणारी प्रत्येक चांगली वस्तू आमच्या गावाला वळसा घालून रिओला जायची. १९९४ साली सोळा वर्षांची जोझेलिया बापाच्या झेरॉक्सच्या दुकानात शनिवारी बसायची. तिथे एक दिवस एव्हान्द्रो नावाचा तिच्या वर्गातला किडकिडीत मुलगा काखेत पिशवी मारून आला.

"एकशे वीस पानं आहेत," तो म्हणाला. "घाई नाही, पण आज पाहिजे."

जोझेलियानं कॉप्या काढता काढता वाचायला सुरुवात केली आणि पंधराव्या पानावर मशीनच थांबवलं. "हे खेळता तुम्ही?"

"खेळणार होतो. मेस्त्री मिळत नाहीये."

"मेस्त्री म्हणजे?"

"जो हे सगळं वाचतो तो."

"मग झाले मी मेस्त्री," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघून वाटत नाही तू वाचशील असं."

खेळ साधा होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं मनानं एक माणूस रचायचा, त्याचं बळ, त्याची अक्कल, त्याच्या खोडी कागदावर मांडायच्या. मेस्त्रीनं सांगायचं की समोर काय आहे: दरी, दरोडेखोर, आतून कडी लावलेलं दार. मग ज्यानं त्यानं सांगायचं की आपला माणूस काय करतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. जिंकणं-हरणं नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. आबिलियोकाकांना, म्हणजे जोझेलियाच्या बापाला, शेवटपर्यंत कळलं नाही की ही पोरं करतात तरी काय. शनिवारी एक वाजता शटर अर्धं खाली ओढून निघताना ते वाकून विचारायचे, "काय, मेलं का कोणी अजून?"

"नाही हो, काका."

"मग खेळ कसला हा?" असं म्हणून ते फुटबॉल ऐकायला घरी जायचे.

पुढचे पाच तास जोझेलिया, एव्हान्द्रो, इव्होनी आणि लिंडोमार या चौघांचे असत. हाल्फेल्ड रस्त्यावरून आत शिरणारे ते झाकलेले बोळ दुपारी ओस पडायचे, आणि त्यातल्या एका दुकानात कागद कापायच्या टेबलावर राज्य उभं राहायचं. मशीन बंद केल्यावरही तासभर ऊब देत राही. जून-जुलैच्या गारठ्यात इव्होनी खुर्ची ओढून त्याला पाठ लावून बसे. कोपऱ्यावरच्या बेकरीतून चीजचे छोटे पाव यायचे, पिशवी तेलानं पारदर्शक झालेली. ग्वाराना या थंड पेयाची मोठी काचेची बाटली यायची, आणि ती परत करायची असे म्हणून एव्हान्द्रोचा एक डोळा कायम तिच्यावर. नकाशे काढायला फुकट गेलेल्या कॉप्या होत्याच. त्यामुळे या टोळीचं सगळं राज्य लोकांच्या कागदपत्रांच्या पाठीवर वसलं होतं. राजधानी कुणाच्या जन्मदाखल्यामागे, दलदल कुणाच्या विजेच्या बिलामागे, आणि दरोडेखोरांची गुहा एका लग्नपत्रिकेच्या मागे, जिच्यात नवऱ्या मुलाचं नाव चुकल्यामुळे दोनशे कॉप्या वाया गेल्या होत्या. काय दिवस होते! आजची पोरं चकचकीत पुस्तकं घेऊन, रंगीत फाशांच्या थैल्या घेऊन खेळतात, खेळोत बापडी. पण खोडरबरानं खोडून खोडून भोक पडलेल्या कागदावर ज्यानं आपल्या शूरवीराचं बळ लिहिलं नाही त्याला मी काय सांगू.

एव्हान्द्रोचा माणूस चोर होता, नाव पिंगा. इव्होनीची मौरा ही झाडपाल्याची औषधं जाणणारी बाई. आणि लिंडोमारचा तोर्क्वातो, एका कानाचा योद्धा. दुसरा कान कुठे गेला याच्या सात वेगवेगळ्या हकिगती लिंडोमारनं सांगितल्या होत्या आणि सातही खऱ्या होत्या असं त्याचं म्हणणं.

काळ्या पानाचा प्रश्न तिसऱ्याच शनिवारी आला. पिंगा छपरावरून पडला, मरणाच्या दारात पोचला, आणि पुस्तक मुकं. "उघड्यावर फासा टाकू," जोझेलिया म्हणाली, "दहा किंवा वर आला तर जगला." तीन आला. एव्हान्द्रो उठून मागच्या संडासात गेला तो वीस मिनिटं बाहेरच आला नाही. आल्यावर डोळे लाल. म्हणाला, "पावातलं चीज बाधलं." पुढच्या शनिवारी जोझेलियानं नवा नियम काढला. मरणाचा फासा कॉफीच्या कपात खुळखुळवायचा, कप टेबलावर उपडा मारायचा, आणि कड उचलून बघणार फक्त मेस्त्री. मेस्त्रीचा शब्द शेवटचा. पिंगाही मग कुणा साधूनं वाचवला असं ठरलं.

त्यानंतर तीन वर्षांत कपाखाली नऊ वेळा मरण आलं आणि नऊही वेळा जोझेलियानं ते आल्या पावली परत पाठवलं. काही वेळा आकडा खरंच मोठा होता. काही वेळा पाच होता, दोन होता, आणि ती तोंडावरची माशी हलू न देता म्हणाली, "तेरा." तिला त्यात पाप वाटलं नाही. मेस्त्रीचं कामच ते, असं ती मानायची: सहा वाजता शटर वर गेलं की चौघांनी हसत घरी जायला पाहिजे.

आणि चौघं हसतच जात, पण पुढे पुढे तिघंच. कारण लिंडोमार बोलायचा.

तो वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवते. पोट धरून हसवायचा. तो आल्याशिवाय खेळाला चव येत नसे. पण त्याच्या तोंडाला लगाम नव्हता. इव्होनीला विचारलं, मौरा काय करते, तर इव्होनी आधी कपातल्या कॉफीकडे बघायची, मग छताकडे, मग बोलायची. त्याला अर्धं मिनिट लागे. अर्धं मिनिट गप्प राहणं म्हणजे लिंडोमारला उपास. "मौरा मला मलम देते," तोच सांगून टाकायचा. "मौरा मागे थांबते. मौरा म्हणते, तोर्क्वातो, तू पुढे हो." इव्होनी उघडलेलं तोंड मिटून टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागायची. तीन वर्षं मौरा लिंडोमारच्या तोंडून जगली.

आता कुणीही म्हणेल, मग त्याला सांगायचं की गप्प बस. तेच तर. आमच्या मिनास प्रांतात माणसाला तोंडावर गप्प बस म्हणत नाहीत. आमच्याकडे नको असलेल्या पाहुण्यालासुद्धा 'निघा' न म्हणता 'अजून थोडी कॉफी?' म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं की शहाणा माणूस टोपी उचलतो. जोझेलियानं लिंडोमारला तीन वर्षांत किती कॉफी पाजली असेल याची गणती नाही. तो प्यायचा, आणि कॉफीनं त्याला आणखी बोलणं सुचायचं.

१९९७च्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी, इव्होनी दुकानात आली. "उद्या शेवटचं येते," ती म्हणाली.

"का गं?"

इव्होनीनं मशीनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "मी नसले तरी मौराचं काही अडत नाही, जोझेलिया."

जोझेलियाच्या काळजात ते वाक्य रात्रभर रुतून राहिलं. दुसऱ्या दिवशी टोळी दरीवरच्या लाकडी पुलापाशी आली, मागे चाळीस घोडेस्वार. एव्हान्द्रोनं पिंगाला पलीकडे पळवलं. "मौरा काय करते?" जोझेलियानं विचारलं, आणि लिंडोमार उभाच राहिला. "मौरा पळते! सगळे पळा! पूल मी धरतो!" आणि त्यानं पूल धरला, मान्य करायला पाहिजे, असा धरला की एव्हान्द्रोच्या हातातला पाव हातातच राहिला. बावीस घोडेस्वार लोळवले. तेविसाव्यानं भाला मारला आणि तोर्क्वातो मरणाच्या दारात पोचला.

लिंडोमारनं कप उपडा मारला. जोझेलियानं कड उचलली. सतरा.

समोर इव्होनी पावाचे कण गोळा करत होती. जोझेलियानं कप परत टेकवला, त्याच हातानं फासा मुठीत ओढला आणि म्हणाली, "चार."

कुणालाच खरं वाटेना. लिंडोमारचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तो हसला, मग त्यानं उभं राहून तिघांशी हात मिळवले, सामना हरलेला कप्तान मिळवतो तसे. "काय मेला पण!" तो म्हणाला. उरलेला एक पाव खाल्ला, शटरखालून वाकून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं की तो व्हितोरियाला बंदरावर नोकरीला लागला.

जोझेलियाला वाटलं होतं, आता इव्होनी बोलेल. इव्होनी राहिली, बोललीही. पण तिघंही सभ्य. तू आधी, नाही तू आधी. कुणी दार फोडेना, कुणी उगीच राजाला शिवी देईना. मेस्त्री विचारी आणि दोघं एकमेकांकडे बघत. मार्च यायच्या आत खेळ बंद पडला, भांडण नाही, तंटा नाही, नुसता विझला. एकाला गप्प करण्यासाठी तिनं त्याला मारलं, आणि त्याच्याबरोबर सगळं मेलं. ही गोष्ट जोझेलियानं नवऱ्याला सांगितली नाही, आबिलियोकाका वारले तोवर त्यांनाही नाही. सांगणार काय, की एकोणीस वर्षांची असताना फाशाचा आकडा खोटा सांगितला? लोक हसले असते. पण दुकानात कॉप्या काढताना मधूनच सतरावं पान बाहेर येई, आणि तिचा हात थबके.

सत्तावीस वर्षांनी, मेमध्ये, तिच्या फोनवर एक बोलका निरोप आला, सात मिनिटांचा. सात मिनिटांचा निरोप पाठवणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. आई गेली, तिच्या घरात राहायला परत आलोय, एव्हान्द्रो भेटला, इव्होनीचा नंबर मिळाला, दुकान अजून तिथेच आहे ना, शनिवारी एक वाजता, बाकी ऐकायचं नाही.

आले सगळे. एव्हान्द्रो आता जाडजूड, दाताचा डॉक्टर. इव्होनी सरकारी रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर, केस पांढरे, रंगवत नव्हती. लिंडोमारला टक्कल, पण आवाज तोच. शटरखालून वाकताना कण्हला आणि आत आल्या आल्या टेबलावर थाप मारून म्हणाला, "अगं, टेबल लहान झालं!"

"तू मोठा झालायस," एव्हान्द्रो म्हणाला, "बाजूनं."

"दात काढणाऱ्यांनी दात दाखवू नयेत."

पाव आले, ग्वाराना आली, प्लास्टिकच्या बाटलीतून, याबद्दल एव्हान्द्रोनं दुःख व्यक्त केलं. जोझेलियानं तळच्या कपाटातून जुना गठ्ठा काढला. तास-दीड तास नुसती राजधानी बघण्यात गेला. "अरे, ही दलदल! इथे माझे बूट गेले होते." "तुझे नाही, पिंगाचे." "तेच ते." इव्होनी लग्नपत्रिकेच्या मागची गुहा बोटानं चाचपत होती. ते दोघं नांदले असतील का, तिनं विचारलं, आणि सगळे खदाखदा हसले. जोझेलियाला वाटलं, इतकं बरं आपल्याला किती वर्षांत वाटलं नाही.

मग लिंडोमारनं पाकिटातून घडी घातलेला, प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेला कागद काढला. तोर्क्वातो. बळ अठरा, अक्कल नऊ, कान एक.

"माझ्या पोरीला झोपताना हीच गोष्ट सांगायचो," तो म्हणाला. "पूल, बावीस घोडेस्वार, आणि चार. तिला पाठ होती. बायको सोडून गेली तेव्हा पोरगीच मला म्हणाली, बाबा, चार पडला. बंदरावर माणसं कमी केली, माझं नाव यादीत. चार पडला. परवा आईला मूठमाती देताना मनात तेच. फाशापुढे कुणाचं चालतं? नीट उभं राहून मरायचं, एवढंच आपल्या हातात." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "खरं सांगतो मेस्त्री, मला देवळानं शिकवलं नाही ते त्या चारनं शिकवलं."

जोझेलियाला वाटलं, झालं, आता हे मरेपर्यंत पोटात ठेवायचं. ज्या काठीवर माणूस सत्तावीस वर्षं चालला ती त्याच्या हातून कशाला काढून घ्यायची? गप्प राहणं सोपं होतं, आणि दिसायला मायेचंही होतं.

"चला, नवा खेळ!" लिंडोमारनं हात चोळले. "नवा माणूस आणलाय मी. नियम जुनेच. पोरगी म्हणते, खऱ्या पुस्तकात तो फासा उघड्यावर टाकतात. म्हटलं, टाकोत. माझा विश्वास फक्त जोझेलियाच्या कपावर."

तिनं खेळ सुरू केला. जमेल तसा केला. नदीकाठची खाणावळ, आत दिवा नाही, दार किलकिलं. शब्द आले. सत्तावीस वर्षं कुठे दडून बसले होते कोण जाणे. "इव्होनी, मौरा काय करते?"

इव्होनीनं कपात पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"मौरा मागच्या दारानं जाऊन बघते," लिंडोमार म्हणाला. "ती नेहमी मागूनच जाते. मग मी पुढून..."

इव्होनीनं तोंड मिटलं. तिचं बोट टेबलावरच्या कणांकडे गेलं. आणि जोझेलियाचा हात, तिला न विचारता, किटलीकडे गेला. "अजून थोडी कॉफी, लिंडोमार?"

बोलून गेली आणि स्वतःचेच शब्द तिच्या कानात वाजले. किटली हातात तशीच राहिली. आता पुन्हा तेच. आज कॉफी, पुढच्या महिन्यात कप, आणि कपाखाली काय निघेल ते आपल्या रागावर. तिनं किटली खाली ठेवली.

"लिंडोमार, सतरा होता."

"काय सतरा?"

"पुलावर. कपाखाली सतरा होता. चार मी म्हणाले."

एव्हान्द्रोचं चावणं थांबलं. लिंडोमार हसला, कारण त्याला ही नव्या खेळातली काहीतरी खुबी वाटली. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू हळूहळू उतरलं.

"का?"

"तू इव्होनीला बोलू देत नव्हतास. ती सोडून जाणार होती. मला राग आला."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगायला पाहिजे होतं."

"सांगायला पाहिजे होतं!" तो उभा राहिला, खुर्ची मागे कपाटावर आदळली. "तोंड दिलंय ना देवानं? अख्ख्या खेळात राक्षस बोलतात तुझ्या तोंडून, साधू बोलतात, बकऱ्या बोलल्यात! आणि मला चार शब्द सांगता आले नाहीत? मारून टाकलंस? मी पोरीला सांगत आलो गं, फाशापुढे कुणाचं चालत नाही. फासा कुठे होता? तू होतीस!"

"हो. मी होते."

"बायकोच्या वेळेला, नोकरीच्या वेळेला..." त्याचा आवाज फाटला. त्यानं तो सीलबंद कागद उचलला, कोट उचलला आणि शटरकडे गेला. जोझेलियानं त्याला अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं तिला. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या वाटण्याची लाज वाटत होती.

शटरपाशी वाकता वाकता लिंडोमार थांबला. वळला. "इव्होनी, खरं सांग. मी तुला बोलू देत नव्हतो?"

इव्होनीनं कपाकडे पाहिलं. मग छताकडे.

"असं कधीच झालेलं नाही, उलट मी तर नेहमी..." लिंडोमार म्हणाला, आणि तिथेच अडखळला. तोंड उघडंच.

एव्हान्द्रोला आधी ठसका लागला आणि मग हसू फुटलं, नाकातून ग्वाराना येईपर्यंत. इव्होनी हसली नाही. लिंडोमार तसाच उभा, वाकलेला, एक हात शटरवर. स्वतःचं बोलणं स्वतःला पहिल्यांदा ऐकू आलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते जोझेलियानं त्या दिवशी पाहिलं. कोट हातात घेऊनच तो परत आला आणि खुर्चीत बसला.

"म्हण," तो जोझेलियाला म्हणाला. "तेव्हा म्हणायचं होतं ते आता म्हण."

सेहेचाळीस वर्षांची बाई, तिला घाम फुटला. आमच्याकडे हे कुणी कुणाला म्हणत नाही. "लिंडोमार," ती म्हणाली, "गप्प बस. पाळी इव्होनीची आहे."

"बसलो," तो म्हणाला. अजून रागातच होता.

मग एव्हान्द्रो नाक पुसत म्हणाला, "पण मला एक सांगा. सतरा म्हणजे तोर्क्वातो मेला नाही. मग सत्तावीस वर्षं हा बाबा होता कुठे?"

तिघांनीही मेस्त्रीकडे पाहिलं. जोझेलियाला सुचलं असतं. मेस्त्रीला काय, तुरुंग आहे, शाप आहे, विसरलेला राजपुत्र आहे. तिनं मान हलवली. "मला माहीत नाही. सांगितलं ना, पाळी इव्होनीची आहे."

इव्होनीनं कपात पाहिलं. अर्धं मिनिट गेलं. छताकडे पाहिलं. आणखी अर्धं मिनिट गेलं. बाहेर बोळातून कुणाच्या तरी टाचा वाजत गेल्या. लिंडोमारनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि त्याच्या गळ्याची शीर उडत होती, पण तो गप्प होता.

"पुलाखाली होता," इव्होनी म्हणाली. "एका दगडाला धरून. हाका मारत होता." ती पुन्हा थांबली, आणि तिघं पुन्हा थांबले. "आम्हाला ऐकू येत होत्या. पण आम्ही गेलो नाही. कुणीच गेलो नाही."

लिंडोमारचं घर दुकानापासून चार रस्ते पलीकडे होतं. त्या नोव्हेंबरात, त्या डिसेंबरात, तिघांपैकी एकानंही त्याची घंटा वाजवली नव्हती. एव्हान्द्रोनं मान खाली घातली. जोझेलियानं डोळे पुसायचा प्रयत्नही केला नाही.

लिंडोमारनं मांडीखालून एक हात काढला आणि वर केला, शाळेत करतात तसा.

"बोल," इव्होनी म्हणाली.

"फार दिवस मारत होतो हाका," तो म्हणाला. "शनिवारी एक वाजला की वाटायचं, एखादं तरी येईल. आईला सांगून ठेवलं होतं, कोणी आलं तर मी घरात आहे म्हण." एवढंच बोलला. त्यानं इतकं थोडं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

इव्होनीनं या वेळी कुठेच पाहिलं नाही. "मौरा खाली उतरते," ती म्हणाली. "तिला पोहता येत नाही. पण उतरते."

"पिंगा पण," एव्हान्द्रो म्हणाला. "मेस्त्री, पाणी किती खोल आहे?"

जोझेलियानं लिंडोमारकडे पाहिलं. तोही विचारल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

"गुडघाभर," ती म्हणाली. "तेव्हाही तेवढंच होतं."